ओतून दिलेलं औषध

माझे डोळे पिवळे झालेत हे मला पहिल्यांदा माझ्या थोरल्या जावेनं सांगितलं. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. आदल्याच दिवशी मला आयसीयूतून बाहेरच्या खोलीत आणलं होतं. छातीवर मधोमध वीतभर लांब टाके होते आणि खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, असं सिस्टरांनी शिकवलं होतं. अक्का खिडकीचा पडदा सारत होत्या. मागं वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं, जवळ आल्या, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि म्हणाल्या, "तुझे डोळे पिवळे दिसू राह्यलेत गं."

"ट्यूबलाइटमुळं दिसत असतील," मी म्हणाले.

"ट्यूब बंद हाय," असं म्हणून त्या सिस्टरला बोलवायला गेल्या.

अक्का, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. त्या पिशोरला राहतात, शेती बघतात, आणि आमच्या सासूबाईही त्यांच्याजवळच असतात. मी आणि माझा नवरा लग्नानंतर संभाजीनगरला आलो, हर्सूलला घर बांधलं. नवरा एका सरकारी कार्यालयात आणि मी शाळेत मराठी शिकवते. आमचं सुट्ट्यांपुरतं पिशोरला जाणं-येणं होतं. पण ऑपरेशनच्या आधीची चार वर्षं अक्का आणि मी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो.

चूक माझी होती. एका लग्नात अक्कांची मुलगी पाहुण्यांसमोर कुणाला तरी "व्हय" म्हणाली आणि मी तिला टोकलं. "व्हय काय, हो म्हणावं. चारचौघांत असं बोललं तर लोक अडाणी समजतात." पोरगी लाल झाली. अक्का शेजारी पान वाढत होत्या. त्यांनी हातातली पातेली खाली ठेवली आणि तिथून निघून गेल्या. मला त्या वेळी वाटलं, मी शिक्षिका आहे, बरोबर तेच सांगितलं. नंतर कळत गेलं, पण माफी मागायला जीभ वळली नाही.

मला लहानपणी एकदा लांबलचक ताप आला होता आणि सांधे सुजले होते, एवढंच माझी आई सांगायची. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली होती, हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. शाळेचे दोन जिने चढताना दम लागायचा. मी वजनाला दोष देत राहिले, मग वयाला. शेवटी पाय सुजायला लागले, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की झडप बदलावी लागेल. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती. माझी आई हयात नाही. नवरा म्हणाला, "मी रजा काढतो, मी बघतो सगळं." तो सगळं बघणारा माणूस आहे हे खरं, पण त्याला माझी वेणी घालता आली नसती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्का एक पिशवी घेऊन दवाखान्यात हजर झाल्या. कुणी बोलवलं नव्हतं. पिशवीत चार गाऊन होते, समोरून बटणं असलेले, मऊ सुती. "छातीच्या ऑपरेशनला हात वर करता येत नाय म्हणत्यात. डोक्यावरून घालायचे गाऊन काय कामाचे," त्या म्हणाल्या. पिशोरची एसटी उतरून त्या थेट गुलमंडीच्या बाजारात गेल्या होत्या आणि तिथून दवाखान्यात आल्या होत्या. मला फक्त "बसा" एवढंच म्हणता आलं.

तर त्या दिवशी सिस्टर आल्या, डॉक्टर आले, रक्त घेतलं. दुपारी कळलं की कावीळ झाली आहे. बिलिरुबिन पाच, असायला हवं एकच्या आसपास. दुसऱ्या दिवशी आठ झालं. मग अकरा. मोठे सर्जन सकाळी फेरीला यायचे, माझ्याकडं बघायचे, कागद बघायचे आणि सोबतच्या डॉक्टरांना हळू आवाजात काही सांगायचे. वेदनाशामक बदललं, एक अँटिबायोटिक बंद केलं, पोटाची सोनोग्राफी झाली. शेजारच्या खोलीतल्या एक पेशंट बाई माझ्यानंतर ऑपरेशन होऊन माझ्याआधी घरी गेल्या. जाताना त्यांनी दारातून हात केला. मीही हात केला, तर तो हातसुद्धा पिवळा दिसत होता.

भीती वाटायची. हृदयाचं ऑपरेशन पार पडलं आणि आता आपण काविळीनं जाणार, असं सारखं मनात यायचं. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती, कारण तो प्रत्येक प्रश्नाला "काही नाही, कमी होईल" एवढंच म्हणायचा आणि मग व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा.

विचारलं ते अक्कांनी. सर्जनच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होत्या, केस घट्ट बांधलेल्या, चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. त्या ड्रेसिंग बघायला आल्या तेव्हा अक्का त्यांच्या वाटेतच उभ्या राहिल्या.

"मॅडम, जरा समजून सांगा. ऑपरेशन छातीचं झालं, तर कावीळ कामून झाली?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी डॉक्टर आमच्या खोलीत बसलं. त्या म्हणाल्या, "यांची झडप फार वर्षांपासून आखडलेली होती. रक्त पुढं नीट जात नव्हतं, त्यामुळं मागं तुंबत होतं. आधी फुफ्फुसात, मग लिव्हरमध्ये. लिव्हर आधीच दमलेलं होतं. त्यात ऑपरेशनच्या वेळी रक्त मशीनमधून फिरवावं लागतं, त्यात काही पेशी फुटतात. वरून दुसऱ्याचं रक्तही द्यावं लागलं. तो सगळा भार लिव्हरवर पडला."

अक्का म्हणाल्या, "म्हंजी पाटाच्या चारीत गाळ बसला की पाणी मागं रानात शिरतं, तसं झालं व्हय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "आता चारी मोकळी केलीय. पण रानातलं पाणी ओसरायला वेळ लागणार. तोवर आपण रोज रक्त तपासत राहायचं."

"ओसरंल ना पण?"

"बहुतेक वेळा ओसरतं. मी खात्री देत नाही, पण आज तरी मला घाबरण्यासारखं दिसत नाही."

ती खात्री नसलेली गोष्ट ऐकून मला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. कोणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं.

त्यानंतरचे दिवस अक्कांनी कसे काढले हे मला आज सांगतानाही नीट सांगता येत नाही. सकाळी हर्सूलच्या घरी मुलीला डबा करून द्यायच्या, माझ्यासाठी मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात घेऊन रिक्षानं यायच्या. मला अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. त्या चमचा पुढं करून बसून राहायच्या, आग्रह न करता, आणि कंटाळून मीच तोंड उघडायची. अंगाला विलक्षण खाज सुटायची. टाक्यांच्या आसपास हात लावायचा नाही, म्हणून त्या ओला पंचा पिळून पाठीवरून, पायांवरून फिरवत राहायच्या. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी श्वास आत ओढून गोळे वर न्यायचं ते प्लास्टिकचं यंत्र मी टाळायला बघायची. तर त्या स्वतः आधी श्वास ओढून दाखवायच्या आणि तिन्ही गोळे एका दमात वर न्यायच्या. "बघ, मला जमतंय अन् मी चौथी शिकलेली," म्हणायच्या.

एकदा त्या माझे केस विंचरत होत्या. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते, त्यामुळं बोलणं सोपं गेलं. मी म्हणाले, "अक्का, त्या लग्नात मी पोरीला जे बोलले, ते चुकलं माझं. तिचं बोलणं चांगलं होतं. मीच वाईट बोलले."

फणी थांबली. "तू तवा बोलली ना, तर पोरगी दोन महिने माझ्याशी बी हळू बोलायची. चुकंल म्हणून." फणी पुन्हा चालू झाली. "मी सोडून दिलं असं नाय म्हणणार. मनात व्हतं. इथं यायच्या दिवशी बी व्हतं."

"मग आलात कशा?"

"तुझी छाती फाडणार व्हते," अक्का म्हणाल्या. "ते आधी."

त्याच आठवड्यात पिशोरहून सासूबाई आल्या. त्यांना आम्ही दोघी आत्या म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, गुडघे धरलेले. त्यांनी पदराखालून एक बाटली काढली, गढूळ हिरवट रसाची. पिशोरच्या पलीकडं डोंगराच्या बाजूला एका वाडीत काविळीचं औषध देणारा माणूस आहे. पाल्याचा रस, तीन सकाळी, उपाशीपोटी. बरोबर एक वेलीच्या काड्यांची माळ, ती गळ्यात घालायची. कावीळ उतरली की माळ लांबते म्हणतात. अक्कांच्या धाकट्या मुलाला लहानपणी कावीळ झाली होती तेव्हा त्याला हेच दिलं होतं आणि तो आठवडाभरात खेळायला लागला होता. त्यामुळं अक्कांचा त्यावर विश्वास होता. तेव्हा तरी होता.

आत्या माझ्या पायांवरून हात फिरवत म्हणाल्या, "उद्याच्याला सुरू कर. चुकवू नको." मग संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या, कारण घरी म्हशी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी बाटली हातात घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. पुन्हा झाकण लावलं. आणि ती बाटली पदराखाली न लपवता, हातात धरून व्हरांड्यातल्या त्या तरुण डॉक्टरांकडं गेल्या. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, हे आमच्याकडं काविळीला देत्यात. माझ्या पोराला गुण आला व्हता. देऊ का हिला?"

मला वाटलं, आता डॉक्टर ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बाटली घेतली, उजेडात धरून बघितली. म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलं. यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, नवीन झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून. लिव्हर कमजोर असलं की तीच गोळी जास्त चढते, म्हणून आम्ही अर्धी करून देतोय. या रसात काय आहे हे मला माहीत नाही. त्यानं रक्त आणखी पातळ झालं तर आतून रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या मुलाची कावीळ वेगळी होती. ती बहुतेक आपोआपच बरी होते."

"आपोआप?"

"हो. पथ्य आणि आराम."

"अन् माळ?"

"माळेला माझी हरकत नाही. फक्त गळ्यात नको, टाक्यांना लागेल."

अक्का आत आल्या. त्यांनी माळ माझ्या पलंगाच्या कठड्याला गुंडाळली. मग बाथरूममध्ये गेल्या. बेसिनमध्ये रस ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा. रिकामी बाटली धुऊन त्यांनी पिशवीत ठेवली.

"अक्का, आत्यांना काय सांगायचं?"

"तू गप पड. त्या म्हातारीला कशाला दुखवायचं."

दुपारी आत्यांचा फोन आला. अक्कांनी फोन माझ्या कानाला लावला. "घेतलं का गं औषध?" आत्यांनी विचारलं. मुलांना वर्षानुवर्षं खरं बोला म्हणून सांगणारी मी. मी म्हणाले, "हो."

नवव्या दिवशी बिलिरुबिन अकरावर थांबलं. दहाव्या दिवशी दहा. मग सहा, मग चार. आठ दिवसांसाठी गेलेली मी बाविसाव्या दिवशी घरी आले. निघताना त्या तरुण डॉक्टरांना शोधलं, तर त्या ऑपरेशनमध्ये होत्या. अक्कांनी सिस्टरच्या हाती त्यांच्यासाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवला. त्यांना तो मिळाला की नाही माहीत नाही. पुढं तपासणीला गेले तेव्हा त्या दुसऱ्या गावी गेल्याचं कळलं.

पिशोरमध्ये मात्र मला पाल्याच्या रसानं बरं केलं, हीच गोष्ट झाली. आत्यांनी ती सगळ्या गल्लीला सांगितली. डॉक्टरांना जमेना, मग मी जाऊन औषध आणलं, तीन दिवसांत उतार पडला. सुट्टीत आम्ही गेलो की बायका माझे डोळे बघायला यायच्या. मी हसून वेळ मारून न्यायची. अक्का चुलीकडं वळायच्या.

ऑपरेशनला आठेक महिने झाले असतील. मी शाळेत परत रुजू झाले होते, दोन जिने न थांबता चढत होते. दिवाळीत आम्ही पिशोरला होतो. सकाळी ओसरीवर आत्या बसल्या होत्या, मी वाती वळत होते. गावातलाच एक माणूस आला, चाळिशीचा, शेतकरी. त्याच्या वडिलांची दोन महिन्यांपूर्वी बायपास झाली होती. आता डोळे पिवळे झाले होते, अंगाला खाज होती, जेवण जात नव्हतं.

"आजी, तुमच्या सुनंला जे दिलं त्याचा पत्ता सांगा," तो म्हणाला. "दवाखान्यात न्यायचं म्हंजी परत तेच. हे देऊन बघतो."

आत्यांचा चेहरा फुलला. त्या वाट सांगायला लागल्या. कुठं जीप मिळते, कुठल्या वळणावर उतरायचं, उपाशीपोटी कसं द्यायचं. माझ्या हातातली वात हातातच राहिली. मला बोलायला हवं होतं. आत्या शेजारीच होत्या आणि माझ्या तोंडून शब्द निघेना.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात बेसनानं भरलेले. "भाऊ, थांबा," त्या म्हणाल्या. "हिला ते औषध दिलंच नव्हतं. मी ओतून दिलं."

आत्यांना आधी कळलंच नाही. "काय म्हणालीस?"

"बेसिनमधी ओतलं, आत्या. डॉक्टरीणबाई म्हणली, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय, यानं घात व्हईल. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाय. ते माझं चुकलं." मग त्या माणसाकडं वळून म्हणाल्या, "तुमच्या वडलांना बी तसलीच गोळी आसंल. आधी दवाखान्यात न्या. कावीळ कशाची हाय ते कळू द्या."

"हिनंच तर मला फोनवर सांगितलं," आत्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "घेतलं म्हणून."

"मी खोटं बोलले, आत्या," मी म्हणाले. "अक्कांनी एकट्यांनी नाही केलं. मीही हो म्हणाले होते."

आत्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश, आणि आत जाऊन देवघरासमोर बसल्या. मी त्या माणसाला दवाखान्याचा नंबर दिला, कोणत्या तपासण्या झाल्या होत्या ते सांगितलं, वडिलांच्या सगळ्या गोळ्या सोबत न्यायला सांगितलं. नवऱ्यानं गाडी काढली आणि दोघा बापलेकांना घेऊन तो शहरात गेला. सोनोग्राफीत पित्ताच्या नळीत खडा अडकलेला दिसला. दुर्बिणीतून तो काढला. आठवड्याभरानं म्हातारा घरी आला आणि आता रोज सकाळी देवळापर्यंत चालत जातो.

आत्या दोन दिवस आमच्या दोघींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते. त्या छताकडं बघत म्हणाल्या, "जीपीत बसायला जागा नव्हती. उभी गेले व्हते मी. येताना बी उभीच."

मला त्या आधी हे कुणीही सांगितलं नव्हतं. डोंगराच्या वाटेनं, त्या गुडघ्यांवर, दांड्याला धरून. माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, "आत्या, तुम्ही गेलात. माझ्यासाठी गेलात. तेवढं मी विसरणार नाही."

"मंग नीट चोळ," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूला जास्त दुखतं."

लोक मला विचारतात, एवढ्या मोठ्या आजारातून उठलीस, कुणाचे उपकार मानतेस? मी सर्जनचं नाव घेते, घ्यायलाच हवं. ज्यांचं रक्त माझ्या अंगात आहे आणि ज्यांना मी कधी भेटणार नाही, त्यांची आठवण काढते. त्या तरुण डॉक्टरांची काढते, ज्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि चौथी शिकलेल्या बाईचा प्रश्न नीट ऐकून घेतला. पण सगळ्यात जास्त अक्कांची. मला वाचवण्यासाठी त्या खोटं बोलल्या नव्हत्या, त्यासाठी तर त्यांनी डॉक्टरांना खरं विचारलं होतं. खोटं बोलल्या त्या एका म्हातारीचं मन राखायला. आणि ज्या दिवशी ते खोटं दुसऱ्या कुणाच्या जिवावर येणार असं दिसलं, त्या दिवशी त्यांनी ते बेसनाच्या हातांनी, भर ओसरीवर, मोडून टाकलं. मी शिकलेली होते आणि माझ्या हातात फक्त वात होती.

या उन्हाळ्यात आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या हर्सूलला आमच्याकडं राहिल्या, अक्काही पंधरा दिवस आल्या. दिवसातून सहा वेळा डोळ्यांत थेंब घालायचे होते. आत्या दर वेळी आधी बाटली हातात मागून घ्यायच्या, लेबलावर बोट ठेवून विचारायच्या, "हे डॉक्टरांनीच दिलंय ना?"

"व्हय, आत्या," आम्ही दोघी म्हणायचो.

मग त्या मान मागं टाकायच्या. एक थेंब अक्का घालायच्या, पाच मिनिटांनी दुसरा मी.